जपानी चित्रकथा आणि आमची आवडनिवड



विहारातली रविवारची वंदना आटोपली की वस्तीतली तरुण मुले आम्हाला हल्ली हमखास विचारतात, "काका, सध्या काय बघताय?" त्यांचे आईबाप मात्र वेगळा प्रश्न विचारतात. "वयाची चाळिशी उलटली, ऑफिसात टेबल सांभाळता, समाजाची कामे करता, आणि कार्टून कसली बघता?" दोन्ही प्रश्नांना एकदाच सविस्तर उत्तर द्यावे म्हणून या आठवड्याचे सदर आम्ही या विषयाला दिले आहे. आवडनिवड ही खाजगी गोष्ट असते हे खरे. पण आपल्या घरातली मुले रोज जे पाहतात त्याविषयी आपल्याला काहीच मत नसावे, हे काही बरे नाही.

आधी शब्दांचा खुलासा करतो. जपानी चित्रकथेच्या पुस्तकाला 'मांगा' म्हणतात आणि तशा चित्रांच्या हलत्या फिल्मला 'ॲनिमे'. मांगा बहुतेक काळ्या-पांढऱ्या रंगात असते आणि उजवीकडून डावीकडे वाचायची असते. आपल्याकडे चित्रकथा म्हटले की लहान मुलांचा खाऊ असे समजतात. जपानात तसे नाही. तिथे मुलांसाठी, मुलींसाठी, नोकरदारांसाठी, गृहिणींसाठी वेगवेगळी मांगा निघते. 'शोनेन जंप' हे तिथले साप्ताहिक १९६८ साली निघाले आणि १९९० नंतरच्या दशकात त्याच्या एका अंकाच्या ६५ लाखांहून अधिक प्रती निघत होत्या. ज्या देशात एवढी माणसे चित्रकथा वाचतात, तिथे चित्रकथेत फक्त पोरखेळ असेल असे कसे म्हणता येईल?

आणि चित्रातून गोष्ट सांगणे आपल्याला तरी कुठे नवे आहे? अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात वेस्सन्तर जातकाची कथा भिंतीवर रंगवलेली आहे. अक्षर न येणाऱ्या माणसालाही ती समजावी अशी ती मांडणी आहे. आपल्या कर्जत तालुक्यातल्या कोंढाणे लेण्यातही दगडात माणसे कोरलेली आहेत, आणि 'कण्हाचा शिष्य बालक याने केले' असा कारागिराचा लेख तिथे आहे. जपानात क्योटोच्या कोझान-जी या बौद्ध मंदिराकडे बाराव्या शतकापासूनची चित्रांची गुंडाळी आहे. तिच्यात बेडूक आणि ससा कुस्ती खेळतात. अनेक जाणकार मांगेचे मूळ तिच्यात शोधतात. तेव्हा ही कला परकी म्हणून नाक मुरडण्याचे आपल्याला तरी कारण नाही.

आमची आवड सुरू झाली तेव्हा आम्हाला ॲनिमे हा शब्दसुद्धा ठाऊक नव्हता. १९९३ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'द जंगल बुक' लागायचे. वस्तीत टीव्ही दोन-तीन घरांतच. ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या ओट्यापर्यंत पोरांची रांग. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे आणि शेरखानला आवाज नाना पाटेकर यांचा, त्यामुळे ही मालिका आपल्याच देशात तयार झाली असे आम्ही सगळे समजत होतो. ती मुळात १९८९ साली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन कंपनीने काढलेली ५२ भागांची मालिका होती. पुढे २००५ पासून हिंदीतून 'डोरेमॉन' आला, मग 'शिनचॅन'. आज विशीत असलेली आपली मुले यांच्यावरच वाढली. त्यांची हिंदी आपल्यापेक्षा चांगली आहे याचे थोडे श्रेय नोबिता आणि जियानलाही द्यावे लागेल.

आता पाहणे टीव्हीवरून मोबाईलवर आले आहे. खोपोली ते कर्जत शटलच्या प्रवासाला साधारण २५ मिनिटे लागतात आणि ॲनिमेचा एक भागही जवळपास तेवढाच असतो. खोपोलीला डब्यात बसावे, लौजी, डोलवली, केळवली, पळसदरी मागे जावे आणि कर्जत यायच्या आत भाग संपावा, हा आमचा नित्यक्रम. कोणी पत्ते खेळतो, कोणी डुलकी काढतो, आम्ही जपानी संवाद ऐकत खालची इंग्रजी अक्षरे वाचतो. वाचायचा सराव होतो हा वरचा नफा.

आता आवडीचे सांगतो.

पहिली आवड ओसामु तेझुका यांची. हे गृहस्थ १९२८ साली जन्मले, डॉक्टरकीचे शिक्षण पुरे केले आणि आयुष्यभर चित्रकथा काढल्या. १९८९ साली ते वारले. त्यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे 'बुद्ध' नावाची मांगा लिहिली. इंग्रजीत तिचे आठ खंड आहेत. पुस्तक हाती घेताना आम्हाला वाटले होते की आरंभी राजवाडा आणि राजपुत्र असेल. पण पहिल्या खंडात भेटतात ते चाप्रा नावाचा शूद्र गुलाम मुलगा आणि तत्ता नावाचा जातीबाहेरचा पोरगा. चाप्रा एका सेनापतीचा जीव वाचवतो आणि जात लपवून त्याचा मानलेला मुलगा होतो. जात उघडी पडेल या भीतीने त्याचे सगळे वैभव पोखरले जाते. जात लपवून भाड्याची खोली घेतलेल्या, आडनाव सांगताना क्षणभर थबकलेल्या आपल्या माणसाला ही भीती समजावून सांगावी लागत नाही. हजारो मैलांवरच्या एका चित्रकाराला बुद्धाची गोष्ट सांगताना पहिल्यांदा जातीची जखम दिसली, हे आम्हाला फार मोठे वाटते.

पण डोळे झाकून स्वीकारावे असे ते पुस्तक नाही, हेही सांगितले पाहिजे. तेझुकांनी आपल्या मनची पात्रे घातली आहेत. तत्ता हा इतिहासातला नव्हे, कल्पनेतला. तो प्राण्यांच्या मनात शिरतो. चमत्कारही पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात याच्या उलट वाट धरली. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहिलेच नव्हते, हे पटण्यासारखे नाही असे त्यांनी म्हटले, आणि गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांमध्ये पेटलेल्या भांडणात दाखवले. म्हणून आमचे मुलांना सांगणे असते की तेझुका गोष्ट म्हणून वाचा, धम्म समजण्यासाठी बाबासाहेब वाचा, आणि दोघांत फरक कुठे पडतो तो वहीत लिहा. असा फरक शोधणाऱ्या मुलाला पुढे कोणी सहज फसवू शकत नाही.

दुसरी आवड सान्पेई शिराटो यांच्या 'कामुई'ची. ही कथामाला १९६४ साली 'गारो' या मासिकातून सुरू झाली आणि १९७१ पर्यंत चालली. अलीकडे ती इंग्रजीत येऊ लागली आहे. तिचा नायक कामुई 'हिनिन' वस्तीत जन्मलेला. हिनिन म्हणजे शब्दशः 'माणूस नसलेला'. जपानातही मेलेली जनावरे ओढणारे, कातडी कमावणारे लोक गावाबाहेर ठेवले होते हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. १८७१ साली कायद्याने तो भेद काढून टाकला, पण मनातला गेला नाही. म्हणून त्या लोकांनी ३ मार्च १९२२ रोजी क्योटोत 'सुईहेईशा' ही आपली संघटना उभारली. 'सुईहेई' हा शब्द पाणी आणि सपाट या दोन अक्षरांचा बनला आहे. पाण्याच्या पातळीसारखे सगळे समान, असा त्याचा भाव. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९२७ साली, आपल्याच जिल्ह्यात महाडला चवदार तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेब उभे राहिले. दोघांनी एकमेकांचे पाहून केले असे आम्ही म्हणत नाही. पण समतेचा विचार करताना दोन्हीकडच्या माणसांच्या डोळ्यांपुढे पाणीच आले, ही गोष्ट मनात घर करून राहते.

तिसरी आवड हायाओ मियाझाकी यांचा २००१ चा चित्रपट 'स्पिरिटेड अवे'. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी आईबापांना सोडवण्यासाठी एका मोठ्या स्नानगृहात कामाला लागते. तिथली मालकीण कागदावर सही घेते आणि तिचे नावच काढून घेते. आजपासून तू 'सेन'. नाव विसरलीस तर परत घरी जाता येणार नाही. बॉयलरवरचा सहा हातांचा म्हातारा, फरशी पुसणाऱ्या बाया, एकमेकींना सांभाळून घेणे, हे सगळे कारखान्यात आणि फार्महाऊसवर राबणाऱ्या आपल्या लोकांना लगेच ओळखीचे वाटेल. आमच्या सहचारिणीला ॲनिमेचे वेड नाही, पण हा चित्रपट पाहून त्या म्हणाल्या, "नाव गेले की माणूस गेला." आपल्या आजे-पणज्यांची नावे कचरू, दगडू, धोंडी. १९५६ नंतर घराघरात सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, सुजाता आले. नाव परत मिळवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे शिकवायला नको.

चौथा चित्रपट सांगताना मन जड होते. मकोतो शिन्काई यांचा 'सुझुमे' २०२३ च्या एप्रिलमध्ये आपल्याकडे थिएटरात लागला होता. ११ मार्च २०११ च्या त्सुनामीत आई गमावलेल्या मुलीची ती गोष्ट. आईने करून दिलेली छोटी पिवळी खुर्ची, तिचा एक पाय तुटलेला, एवढीच आठवण तिच्याजवळ उरते. ती ओसाड पडलेल्या गावांत जाते, आणि संकटाचे दार बंद करण्याआधी डोळे मिटून तिथे पूर्वी राहणाऱ्यांचे आवाज ऐकते. त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री आपल्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वर जायला रस्ता नव्हता, सगळी पायवाट. कार्यकर्त्यांबरोबर शिधा घेऊन आम्हीही पायथ्याला गेलो होतो. त्यानंतर 'सुझुमे' पुन्हा पाहिला तेव्हा तो जपानचा वाटला नाही. वाडी गेली की लोक आकडे सांगतात. तिथे सकाळी कोणी चूल पेटवली, कोणी पोराला हाक मारली, हे कोणी सांगत नाही. त्या चित्रपटाने आम्हाला आकड्यांमागचे आवाज ऐकायला शिकवले.

पोरांच्या आवडीचा 'वन पीस'ही आम्हाला आवडतो. १९९७ पासून चाललेली ही समुद्री चाच्यांची कथा फार लांबलेली आहे, पण तिच्यात गुलामीचे प्रकरण आहे. मालकांनी गुलामांच्या पाठीवर डाग दिलेला असतो. सुटून आलेले लोक त्या डागावर सूर्याची खूण करून घेतात आणि त्यांच्यातला कोण गुलाम होता हे कोणालाच कळू नये म्हणून बाकीचे सोबतीही तीच खूण आपल्या अंगावर घेतात. हा भाग पाहून आमचा पुतण्या बराच वेळ गप्प होता.

आता नावडीचे. काही ॲनिमेत मुलींचे चित्रण असे असते की आईसमोर बसून पाहता येत नाही. ते आम्ही पाहत नाही आणि मुलांना का नाही पाहायचे ते तोंडाने सांगतो. नुसते "बंद कर" म्हटल्याने मोबाईल पांघरुणात जातो, बंद होत नाही. रक्ताचा सडा म्हणजे शौर्य समजणाऱ्या मालिकाही आम्हाला रुचत नाहीत. 'शिनचॅन'वर २००८ साली आपल्या सरकारने बंदी घातली होती, नंतर काटछाट होऊन तो परत आला. आमच्या मते बंदीपेक्षा घरातले एक मोठे माणूस शेजारी बसलेले बरे. क्रिकेटवरचे 'सूरज द रायझिंग स्टार' डिसेंबर २०१२ पासून कलर्स वाहिनीवर लागत होते. जपानी बेसबॉलची जुनी कथा मुंबईच्या गरीब वस्तीत आणून बसवलेली. आपली वस्ती जपानी शैलीच्या चित्रात पाहून आनंद झाला, पण बापाने पोराला जनावरासारखे राबवायचे आणि त्याला तालीम म्हणायचे, हे काही आमच्या गळी उतरले नाही. गरिबाच्या पोराला माराशिवाय मोठे होता येत नाही, हा समज आपणच मोडायला हवा.

हे सगळे वाचून एखादी माउली विचारील, "भाऊ, याने पोट भरते का?" हाच प्रश्न आम्हाला गेल्या वर्षी खरोखरच विचारला गेला. कर्जतजवळच्या एका वस्तीतली दहावीची मुलगी. आई फार्महाऊसवर धुणीभांडी करते, बाप कारखान्यात कंत्राटी. मुलगी गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मांगेसारखी चित्रे काढते म्हणून बापाने वही चुलीत घालायला काढली होती. आम्हाला बोलावले ते मुलीला समजवायला. आम्ही आधी वही मागितली. तिच्यात मोठ्या डोळ्यांच्या परदेशी नायिका तर होत्याच, पण शेवटची चार पाने वेगळी होती. गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणारी तिची आजी. एका चौकटीत फक्त पाठ, दुसरीत फक्त हात, तिसरीत बांधावर ठेवलेली भाकरी, चौथीत संध्याकाळी कंबरेवर हात ठेवून ताठ होऊ पाहणारी म्हातारी. एक शब्द लिहिलेला नव्हता.

बापाने ती पाने पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "ही माझी आई हाय." वही चुलीत गेली नाही.

पण प्रश्न संपला नाही, आणि तो संपला असे आम्ही सांगणार नाही. चित्रकलेने पोट भरेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. आम्ही एवढेच सांगितले की शाळेतून शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा असतात, त्यांतल्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, आणि पुढे कलेचे रीतसर शिक्षण घेता येते. गणित सोडायचे नाही, चित्रही सोडायचे नाही. मुलीने दोन्ही मान्य केले. आईला अजून धाकधूक आहे आणि ती रास्त आहे. ज्या घरात एक महिना पगार चुकला तर दुकानदाराची उधारी तुंबते, त्या घराने स्वप्नाचा हिशेब विचारू नये असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही बी. कॉम. झालेले कारकून आहोत, हिशेब आम्हालाही कळतो. पण हिशेबात खर्चाच्या बाजूला फक्त कागद आणि पेन्सिल मांडायची, आणि जमेच्या बाजूला त्या आजीची चार पाने मांडायचीच नाहीत, हा ताळेबंद खोटा आहे.

आपल्या आयाबायांचे कष्ट आजवर इतरांनी लिहिले किंवा कोणीच लिहिले नाहीत. मग आपल्या साहित्यिकांनी लेखणी हाती घेतली आणि मराठी साहित्याला हादरा दिला. पुढची पिढी तेच काम कदाचित ब्रशने करील. त्यासाठी तिने चांगली चित्रे भरपूर पाहिली पाहिजेत.

म्हणून आमच्या तीन सूचना. एक, आठवड्यातून एक भाग मुलांसोबत बसून पाहावा. संपल्यावर एवढेच विचारावे की यात कोणावर अन्याय झाला, कोण त्याच्या बाजूने उभे राहिले, आणि तू असतास तर काय केले असतेस. दोन, मांगेचा खंड महाग असतो, एकट्याला परवडत नाही. चार-पाच घरांनी मिळून एक विकत घ्यावा, वाचून विहाराच्या कपाटात ठेवावा, आणि नावनिशी नोंदवहीत लिहून फिरता ठेवावा. शेजारी तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' मराठीतून ठेवावे. रेल्वेच्या डब्यात भरणाऱ्या शाळेची ती खरी गोष्ट आहे, आणि २०२३ साली जपानात तिचाही ॲनिमे चित्रपट झाला. तीन, पोराच्या वहीची मागची पाने फाडण्याआधी एकदा शांतपणे पाहावीत.

आमच्या नोंदवहीत पहिले नाव लागले आहे ते त्याच मुलीच्या वडिलांचे. त्यांनी तेझुकांचा पहिला खंड नेला आहे. इंग्रजी येत नाही, मुलगी वाचून अर्थ सांगते. दोन रविवार झाले, पुस्तक परत आलेले नाही. आम्ही मागायलाही गेलेलो नाही.

तूर्त एवढेच. जयभीम.